दुकानावर लाइटचा बोर्ड, परवानगी लागते का?

प्रश्न: कोथरूडला सोसायटीच्या तळमजल्यावर बेकरी टाकतोय. बोर्डवाला म्हणतो ग्लो साइन लावून टाका, कोणी विचारत नाही. खरंय का?

उत्तर: त्याचं काय जातंय, नोटीस तुमच्या नावाने येणार! महापालिका कायद्यात कलम २४४-२४५ बघा, त्यात दुकानाच्याच धंद्याची, दुकानावरच लावलेली, बिनलाइटची साधी पाटी असेल तर सूट आहे, पण आतून लाइट पेटला की सूट संपली, मग महापालिकेच्या आकाशचिन्ह (म्हणजे इमारतीवर उंच उभारलेले जाहिरातीचे बोर्ड) व परवाना विभागाकडे अर्ज करायचा. गच्चीवर सांगाडा उभारून बोर्ड लावायचा विचार असेल तर तो सोडाच. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग पडून १७ जण गेले, तेव्हापासून असल्या सांगाड्यांकडे सगळ्यांचंच लक्ष आहे. सोसायटीची एनओसी आधी घ्या, लेखी घ्या, चेअरमन तोंडी हो म्हणतात आणि पुढच्या मीटिंगला विसरतात.

आणि हो, नाव मराठीत, देवनागरीत हवंच, इंग्रजीपेक्षा लहान अक्षरात चालत नाही. दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही हे लागू आहे, त्यामुळे फ्लेक्स छापायच्या आधीच डिझाइन नीट तपासा.