टोल्युइनचा अर्धा रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा वाईट का

कुपवाड एमआयडीसीतल्या दादांचा प्रश्न थोडक्यात असा. लिक्विड पेंटचं छोटं युनिट आहे, थिनरसाठी टोल्युइनचा २०० लिटरचा ड्रम येतो. ड्रम स्टँडवर आडवा ठेवून नळानं ५ लिटरच्या प्लास्टिक कॅनमध्ये माल काढतात, मध्ये प्लास्टिकचं नरसाळं आणि त्यात कचरा अडवायला स्टीलची जाळी. परवा सकाळी भरता भरता जाळीपाशी भपकन पेट घेतला. बिडी नाही, वेल्डिंग नाही, जवळपास वायरिंगही नाही. पोरानं ओलं पोतं टाकलं, हात भाजण्यावर निभावलं. मग पेटलं कशानं? आणि दुसरा प्रश्न: रिकाम्या ड्रमचं वरचं तोंड गॅस कटरनं कापून तासगावकडच्या द्राक्ष बागायतदारांना औषध कालवायला देतो, ते चालतं का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण त्यात जीव जातो: नाही, आजपासून बंद.

आता पहिलं. दादा, तुमची ठिणगी त्या जाळीतच होती. टोल्युइन वीज जवळजवळ वाहूनच नेत नाही. असा द्रव नळातून, जाळीतून घासत गेला की त्यात स्थिर वीज तयार होते, आणि ती निघून जायला वाट नसली की साठत राहते. तुमची जाळी धातूची, पण बसलीय प्लास्टिकच्या नरसाळ्यात, म्हणजे जमिनीपासून तुटलेली. प्रत्येक लिटरमागे ती थोडी थोडी चार्ज होत गेली आणि ड्रमचा नळ किंवा पोराचं बोट जवळ येताच ठिणगीनं उडी मारली. टोल्युइनची वाफ पेटायला साधारण ०.२४ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. थंडीत खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावला की जो चटका बसतो, तो बहुतेक वेळा याहून मोठा असतो. नुसत्या प्लास्टिकपेक्षा प्लास्टिकमध्ये अडकलेला धातू जास्त वाईट, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. प्लास्टिक आपला चार्ज थोडा थोडा सोडतं, धातू सगळा एका दमात सोडतो.

पावसाळ्यात असं कधी झालं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. दमट हवेत माणसाच्या अंगावरचा आणि कॅनच्या बाहेरचा चार्ज लवकर उतरतो, पण द्रवाच्या पोटात तयार होणाऱ्या चार्जला बाहेरच्या दमटपणाशी देणंघेणं नसतं.

आता शीर्षकातली गोष्ट. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ पेटण्याइतकी होते, ४ अंश सेल्सियस. हवेत त्याची वाफ १.१ टक्के ते ७.१ टक्के असली की पेटते. त्याखाली पातळ, त्यावर दाट. बंद ड्रममध्ये द्रवावरच्या मोकळ्या जागेत २५ अंशाला वाफ साधारण ३.७ टक्के असते. १० अंशाला दीड टक्क्याच्या आसपास. सातच्या पुढे जायला ३७-३८ अंश लागतात. म्हणजे आपल्या सांगलीत डिसेंबरच्या पहाटेपासून एप्रिलच्या दुपारपर्यंत जवळजवळ सगळा वेळ ड्रममधली हवा नेमकी स्फोटाच्या पट्ट्यात असते. पेट्रोलच्या किंवा अ‍ॅसिटोनच्या बंद टाकीत वाफ बहुधा इतकी दाट असते की आतल्या आत पेट धरत नाही. ते बाहेर आल्यावर पेटतात. अ‍ॅसिटोनचा फ्लॅश पॉइंट उणे २० म्हणून लोक त्याला जास्त घाबरतात. उघड्यावर ते बरोबरच आहे, पण बंद भांड्याच्या बाबतीत माझ्या मते टोल्युइन जास्त खोडसाळ. भरलेल्या ड्रममध्ये ही जागा चार बोटं असते, अर्ध्या ड्रममध्ये १०० लिटर.

आणि रिकाम्यात, वरची मोकळी जागा धरून, २१० लिटर. १ लिटर टोल्युइनची पूर्ण वाफ झाली तर सुमारे २३० लिटर होते. त्या हिशेबानं पूर्ण ड्रम पेटण्याजोगा करायला लागतं फक्त १० मिली, दोन चहाचे चमचे. ड्रम उपडा करून निथळवला तरी कडेच्या पन्हाळीत आणि शिवणीत याहून जास्त राहतं. त्यावर कटरची ज्योत लावली की ड्रमचा तळ किंवा झाकण उडतं, आणि कापणारा बरोबर त्याच्यावरच वाकलेला असतो. ग्राइंडर लावला तरी तेच. पाण्यानं धुतला म्हणाल तर टोल्युइन पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं आणि शिवणीत परत बसतं. शिवाय त्या ड्रममध्ये औषध कालवणाऱ्या बागायतदारानं काय घोडं मारलंय? कायद्यानंही असे ड्रम घातक कचऱ्यात येतात: २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांतल्या पहिल्या अनुसूचीत नोंद ३३.१. सॉल्व्हंटनं भिजलेल्या चिंध्या ३३.२. दोन्ही अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्यायचं, भंगारवाल्याकडे नाही. जवळचे परवानाधारक कोण, ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगली कार्यालयात विचारा. बंग (ड्रमच्या तोंडाचं आट्याचं बूच) लावून, आडोशाला, उभे ठेवा तोवर.

माल काढायची पद्धत अशी बदला. प्लास्टिक कॅन आणि नरसाळं दोन्ही बाद. ५ किंवा १० लिटरचा पत्र्याचा कॅन घ्या, स्प्रिंगचं झाकण आणि तोंडाला ज्योतरोधक जाळी असलेला सेफ्टी कॅन परवडला तर उत्तम. इथली जाळी चालते, कारण ती कॅनच्या धातूलाच जोडलेली असते. ड्रमला अर्थिंग, आणि ड्रम ते कॅन वेगळी बॉण्डिंगची, म्हणजे दोन्ही धातू एकमेकांना जोडणारी, तार. क्लिप टोकदार स्क्रूची हवी, रंग खरवडून उघड्या पत्र्याला चावली पाहिजे. रंगावर लावलेली मगरीच्या तोंडाची क्लिप ही शोभेची वस्तू. मल्टिमीटरनं ड्रमच्या उघड्या पत्र्यापासून कॅनच्या पत्र्यापर्यंत बघा, १० ओहमच्या आत यायला हवं. आणि अर्थिंगसाठी पाण्याच्या नळाच्या पाइपाला तार गुंडाळायची जुनी सवय सोडा, आता तो पाइप पीव्हीसीचा असतो. स्वतंत्र अर्थ पिट किंवा शेडच्या अर्थिंगची जीआय पट्टीच घ्या.

क्रम महत्त्वाचा: आधी क्लिपा लावा, मग झाकण उघडा. भरून झाल्यावर आधी झाकण बंद, मग क्लिपा काढा. उलटं केलंत तर क्लिप लावतानाची ठिणगीच वाफेत पडते. नळाला कंडक्टिव्ह नळी लावा, तिचं टोक कॅनच्या तळाला टेकलं पाहिजे. वरून धार सोडली की शिंतोडे उडतात, आणि चार्जही वाढतो, वाफही. वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवा. २० मिमीच्या नळीतून ५ लिटर भरायला यानं १५-१६ सेकंद तरी लागतात. त्याआधी कॅन भरला तर नळ जास्त उघडलाय. कचरा गाळायचाच असेल तर लाइनमध्ये धातूचा फिल्टर बसवा आणि तोही बॉण्ड करा. गाळल्यावर ३० सेकंद थांबूनच माप काढायची पट्टी वगैरे आत घाला. कॅन गळ्यापर्यंत भरू नका. बंग उघडायचा पान्हा पितळी किंवा ब्रॉन्झचा. उन्हात फुगलेला ड्रम एकदम उघडायचा नाही, छोटा बंग अर्धा आटा सैल करून फुस्स संपेपर्यंत थांबायचं. माल काढणाऱ्याच्या अंगात सुती कपडे, पायात अँटिस्टॅटिक बूट. टेरिलिनचा शर्ट आणि रबरी स्लिपर हा आपल्याकडचा नेहमीचा गणवेश, तो इथं नको.

खोलीबद्दल. टोल्युइनची वाफ हवेपेक्षा तिपटीनं जड, ती जमिनीलगत पसरते, गटाराच्या चरातून शेजारच्या वेल्डिंगपर्यंत जाते. छताजवळचा एक्झॉस्ट पंखा फक्त समाधानासाठी. खेच जमिनीपासून फूटभरावर हवी, मोटर फ्लेमप्रूफ, आणि दिव्याचं बटण खोलीबाहेर. १० बाय १० ची, ८ फूट उंचीची खोली म्हणजे २२-२३ घनमीटर, आणि १ लिटर सांडून पूर्ण उडालं तर तेवढी हवा जेमतेम पेटण्याच्या काठावर येते. जमिनीलगत तर फार आधी. सांडलं की कुठलंही बटण चालू किंवा बंद करायचं नाही, पंख्याचंसुद्धा. माणसं बाहेर, दारं उघडी, वर कोरडी वाळू. लाकडाचा भुसा टाकतात ते चूक, तो स्वतःच जळतो.

आग लागली तर फोम, डीसीपी (कोरडी रासायनिक पावडर) किंवा सीओटू. पाण्याची धार नको: टोल्युइन पाण्यापेक्षा हलकं, जळत जळत पाण्यावरून पसरतं. ड्रमवर शेजारून पाण्याचा फवारा मारून ते थंड ठेवणं वेगळं, ते जरूर करा. फायर ब्रिगेडला सांगताना ड्रमवरचा यूएन १२९४ हा नंबर वाचून दाखवा. पोराच्या हाताला जे पोतं लागलं ते ओलं होतं, हे नशीब. भाजल्यावर २० मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचं, टूथपेस्ट वगैरे काही नाही.

अजून एक गैरसमज. गॅस मीटर १० टक्के एलईएलला (एलईएल म्हणजे वाफ पेटण्याची खालची मर्यादा, वरचे १.१ टक्के) वाजतो म्हणून तिथपर्यंत श्वासाला सुरक्षित, असं नाही. १० टक्के एलईएल म्हणजे ११०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ११०० भाग), आणि ५०० पीपीएमलाच जीवाला तत्काळ धोका धरतात. दिवसभराच्या कामासाठी एसीजीआयएच या कामगार-आरोग्याच्या अमेरिकन संस्थेची मर्यादा तर २० पीपीएम आहे. वास येत नाही यावर भरवसा नको, नाक थोड्या वेळात सरावतं. डोकं जड होणं, उगाच हसू येणं, पाय लटपटणं ही खूण दिसली की माणसाला बाहेर काढा. एन-९५ इथं बिनकामाचा, ऑर्गॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज लागतं. नायट्रिल हातमोज्यातून टोल्युइन काही मिनिटांतच आरपार येतं, शिंतोड्यापुरतेच घाला आणि भिजले की फेका. काम सुटल्यावर हात टोल्युइननं धुणं बंद करा. आणि नळीनं तोंडानं ओढायचा प्रकार असेल तर तोही: फुफ्फुसात गेलं तर फार वाईट, गिळलं तर उलटी करवू नका, थेट दवाखाना.

परवान्याचा विषय कुणी काढला नाही, पण निघायला हवा. टोल्युइन पेट्रोलियम कायदा, १९३४ प्रमाणे वर्ग अ मध्ये येतं, कारण फ्लॅश पॉइंट २३ अंशांच्या खाली. विक्रीसाठी नसलेला ३० लिटरपर्यंतचा साठा परवान्याशिवाय चालतो, तोही धातूच्या भांड्यात असेल तर एकेक भांडं २५ लिटरच्या आत. म्हणजे तुमचा एकच ड्रमही त्यात बसत नाही. यासाठी पेसोकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेकडे, जावं लागतं, मुख्यालय नागपूरला. ते जमेपर्यंत पुरवठादाराकडून २० लिटरचे पत्र्याचे डबे मागवा, एका वेळी एक. दर थोडा जास्त पडेल, पण ओतणं कमी आणि ड्रमचा प्रश्नच उरत नाही.

नवीन जोडणी झाली की मल्टिमीटरचं रीडिंग इथं टाका: ड्रम ते कॅन आणि ड्रम ते अर्थ पिट, दोन्ही. फोटोत क्लिप नेमकी कुठं चावलीय ते दिसू द्या.