जाळीच्या तबकड्या आणि ताऱ्यांची घड्याळं

प्रश्न : माझं आजोळ नारायणगावजवळचं. खोडदला जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांमधून आरपार आभाळ दिसतं. त्या भरीव पत्र्याच्या का नाहीत? आणि 2023 साली गुरुत्वीय लहरींच्या बातमीत खोडदचं नाव कसं? त्यासाठी तर हिंगोलीत वेगळी वेधशाळा होते आहे ना?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : जाळीपासून सुरुवात करू. खोडदची दुर्बीण लांब रेडिओ लहरी टिपते. तिच्या पट्ट्यातल्या सर्वांत आखूड लहरीसुद्धा 20 सेंटिमीटरच्या घरातल्या, आणि जाळीची भोकं 10 ते 20 मिलिमीटरची. त्यातून लहर निसटत नाही, परावर्तितच होते. वारा मात्र निसटतो, आणि खरी गोम तिथे आहे. 45 मीटर व्यासाची भरीव तबकडी वादळात सावरायची तर पोलाद किती लागेल! रेडिओ खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांनी पोलादी दोरांवर जाळी ताणून वजन आणि खर्च दोन्ही उतरवले, म्हणून अशा 30 तबकड्या उभ्या राहिल्या. इतकी देखणी काटकसर मी दुसरी पाहिलेली नाही.

आता गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच ताणत-आकसत जाणाऱ्या लहरी. हिंगोलीचा लायगो प्रकल्प सेकंदाला दहा-वीस ते शेकडो वेळा होणारी थरथर पकडणार. 2023 च्या बातमीतल्या लहरींचं एकेक आवर्तनच काही वर्षांचं. त्या बहुधा महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांतून येतात. त्यांच्यापुढे लायगोच्या 4 किलोमीटरच्या नळ्या काय करणार? इथे घड्याळ म्हणून स्पंदक तारे वापरतात : सेकंदाला शेकडो गिरक्या घेणारे, गिरकीगणिक रेडिओ लहरींचा ठोका देणारे, कमालीचे नियमित. अवकाश ताणलं-आकसलं की त्यांचे ठोके किंचित मागेपुढे होतात.

अडचण अशी, की वाटेतले मोकळे इलेक्ट्रॉनही ठोके उशिरा पोचवतात, आणि हा उशीर कालांतराने बदलतो. सुदैवाने तो वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. 1400 मेगाहर्ट्झच्या तुलनेत 400 ला तो सुमारे 12 पट! म्हणजे तो मोजायचा तर खालच्या पट्ट्यातच, आणि तीच खोडदची खासियत. भारतीय-जपानी गट तिथे काही तबकड्या एका पट्ट्याला, काही दुसऱ्या पट्ट्याला लावून एकाच वेळी वेध घेतो. ही मोजणी युरोपीय दुर्बिणींच्या नोंदींना जोडली गेली आणि 29 जून 2023 ला निष्कर्ष जाहीर झाले. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधल्या गटांनीही तेव्हाच आपापले निष्कर्ष मांडले. वर्तमानपत्रांनी ‘शोध लागला’ असं छापून टाकलं. शास्त्रज्ञ ‘पुरावा मिळाला’ म्हणत होते, आणि तेच बरोबर होतं.

प्रश्न : मुलाला खोडदच्या दुर्बिणीला डोळा लावून ग्रह पाहायचे आहेत. जमेल का?
– एक पालक, कोथरूड

उत्तर : तिथे डोळा लावायला जागाच नाही, रेडिओ लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. तरी 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथलं प्रदर्शन जरूर दाखवा. ग्रह पाहायचे तर टिळक स्मारक मंदिरातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत चौकशी करा. 1944 पासूनची संस्था आहे, आणि कोथरूडहून रिक्षाने जाता येतं.