घरच्या वर्कशॉपमध्ये छोटं रोटरी इंजिन बनवता येईल का?

तुमच्याकडे लेथ आणि छोटं मिलिंग मशीन आहे, पिस्टनचं एक इंजिन करून झालंय, आणि आता वँकेल रोटरी (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं इंजिन) जमेल का, सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय. जमेल. मी बनवलंय आणि ते चालतं. ओएस आणि ग्राउपनर या मॉडेलवाल्या कंपन्यांनी तर मॉडेल विमानांसाठी ५ सीसीच्या आसपासचं वँकेल विकायला आणलं होतं, त्यामुळे एवढ्या लहान आकारात ते चालतं याबद्दल शंका नको. फक्त तुमची खरी कसोटी रोटरच्या तीन टोकांवरच्या सीलमध्ये, म्हणजे गळती रोखणाऱ्या पट्ट्यांमध्ये आहे, हे धरूनच कामाला लागा.

बहुतेक जण हाउसिंगच्या, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या कवचाच्या, कमरेत दबलेल्या आकाराला बिचकतात. तो आकार दोन मापांवर ठरतो: रोटरच्या मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर आणि शाफ्टची एक्सेंट्रिसिटी, म्हणजे रोटरचा मध्य शाफ्टच्या मध्यापासून जितका बाजूला असतो ते अंतर. सुरुवात मात्र गिअरपासून करा. रोटरमधलं आतल्या दात्यांचं गिअर आणि बाजूच्या प्लेटवरचं स्थिर गिअर यांचं प्रमाण ३:२ असतं. स्थिर गिअरचा पिच व्यास (दाते जिथे एकमेकांत बसतात त्या वर्तुळाचा व्यास) एक्सेंट्रिसिटीच्या चौपट, रोटरच्या गिअरचा सहापट. एक्सेंट्रिसिटी ३ मिमी घेतली की १२ आणि १८ मिमी, म्हणजे ०.५ मॉड्यूलचे (मॉड्यूल म्हणजे पिच व्यास भागिले दाते) २४ आणि ३६ दाते. सगळं पूर्णांकात बसतं. शाफ्ट स्थिर गिअरच्या भोकातून जायचा असतो, म्हणून तिथे तो ८ मिमीच्या वर नेऊ नका.

रोटरची त्रिज्या एक्सेंट्रिसिटीच्या सातपट, म्हणजे २१ मिमी ठेवा. सहापटीवर सील दोन्ही बाजूंना ३० अंशांपर्यंत कलतं. सातपटीवर ते २५ अंशांवर येतं. रुंदी १२ मिमी ठेवली तर एका चेंबरची (रोटरची एक बाजू आणि हाउसिंग यांमधल्या पोकळीची) क्षमता ३.९ सीसी होते. हाउसिंगची वक्ररेषा सीलच्या टोकाच्या गोलाईइतकी बाहेर सरकवायला विसरू नका. मग सीलचा स्पर्श एकाच रेषेवर न राहता टोकावर फिरत राहतो आणि झीज विभागली जाते.

हाउसिंग वायर कटने (तारेतल्या विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या मशीनने) कापून घ्यायला मिळत असेल तर खुशाल घ्या आणि आतून लॅपिंग करा, म्हणजे बारीक पेस्टने घासून गुळगुळीत करा. धातू म्हणून मी बीड (ओतीव लोखंड) वापरलं, सीलही बिडाची. नुसत्या ॲल्युमिनियमवर सील चालवू नका. माझदासारख्या कंपनीलाही सुरुवातीच्या इंजिनांत हाउसिंगवर उठणाऱ्या आडव्या ओरखड्यांनी छळलं होतं. १९६७ च्या कॉस्मोत ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची सील आली तेव्हा कुठे ते आटोक्यात आलं.

आता सील. रोटर तिरका केला की सील आपल्या वजनाने खाचेत सरकायला हवं, पण बोटाने हलवलं तर डुगडुगता कामा नये. लांबी हाउसिंगच्या रुंदीपेक्षा ०.०२ मिमी कमी. सीलखाली फीलर गेजची (फट मोजायच्या पोलादी पट्ट्यांच्या संचातली) ०.१ मिमीची पत्ती किंचित कमान देऊन बसवा. ही स्प्रिंग फक्त सुरुवातीपुरती. इंजिन चालू झालं की चेंबरमधला दाब सीलच्या मागे शिरतो आणि तोच सीलला भिंतीवर दाबून धरतो. म्हणूनच हाताने फिरवून कॉम्प्रेशन नीट लागत नाही. त्याने नाउमेद होऊन पुन्हा खोलत बसू नका. ड्रिल मशीनने वेगात फिरवून मग काय ते ठरवा.

ग्लो प्लग (तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग) थोडा आत बसवा आणि चेंबरकडे फक्त बारीक भोक ठेवा. सील त्या भोकावरून जातं आणि भोक मोठं असेल तर दाब शेजारच्या चेंबरमध्ये गळतो.

बॅलन्सिंगमध्ये मात्र हे इंजिन पिस्टनपेक्षा फार उदार आहे. रोटरचा मध्य नुसता गोल फिरतो, त्यामुळे शाफ्टच्या दोन टोकांना वजनं लावून हादरा जवळजवळ पूर्ण घालवता येतो. बेअरिंग आणि सील धरून रोटर ४० ग्रॅम भरला, तर ३ मिमीवर असमतोल १२० ग्रॅम-मिमी. प्रत्येक टोकाला १० मिमी त्रिज्येवर ६ ग्रॅम. एक्सेंट्रिकचं (शाफ्टवरच्या, रोटर ज्यावर बसतो त्या बाजूला सरकलेल्या भागाचं) स्वतःचं वजन यात वेगळं मिळवा.

इंधन घालण्याआधी एका बाजूला पारदर्शक ॲक्रिलिकची प्लेट लावून, तेल सोडून, ड्रिलने सावकाश फिरवून बघा. सील कुठे अडखळतं ते लगेच दिसतं. नंतर मिथेनॉल आणि एरंडेल तेलाचं नेहमीचं ग्लो इंधन चालेल. मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही आणि ते विषारी आहे, तेव्हा पहिल्यांदा सावलीत चालू करा आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा.