भरल्या ट्रकचा पिकअप गेला, वर्कशॉप म्हणतं सहाही इंजेक्टर बदला. खरंच बदलावे लागतात का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की टिपर २०२१ चा, बीएस-६, वणीकडे कोळशावर चालतो. रिकामा बरा पळतो, भरला की चढाला दम सोडतो आणि इंजिनची पिवळी लाइट लागते. शोरूमच्या वर्कशॉपात नेला, त्यांनी लॅपटॉप लावला आणि अर्ध्या तासात सहाही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) आणि हायप्रेशर पंपाचं एस्टिमेट हातात दिलं. तुम्ही गाडी तशीच घरी आणली. आता विचारताय की हे खरं की चुना लावताहेत.

मी अशाच एका डीलरच्या वर्कशॉपात काम करतो, पांढरकवड्याकडे, हैदराबाद हायवेला लागून. चौदा वर्षं झाली. म्हणजे तुम्हाला ज्यांचा संशय येतोय त्यांच्यातलाच एक. गाडी न पाहता तुमचे इंजेक्टर चांगले आहेत असं मी म्हणणार नाही. पण नुसता कोड वाचून सहाच्या सहा खराब ठरवले असतील तर ते मला पटत नाही. सहा इंजेक्टर एकाच दिवशी जात नाहीत. गेलेच तर डिझेलमधून काहीतरी आलेलं असतं, आणि ते शोधल्याशिवाय नवे बसवले तर तेही त्याच वाटेने जातात.

आधी लॅपटॉपवर काय दिसतं ते सांगतो. आपल्या ट्रकांत कोडला दोन आकडे असतात. पहिल्याला एसपीएन म्हणतात, तो कोणती वस्तू ते सांगतो. दुसरा एफएमआय, तो तिला काय झालं ते सांगतो. १५७ म्हणजे कॉमन रेलमधलं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीतलं, प्रेशर. त्याच्यासोबत १ किंवा १८ आला तर प्रेशर हवं तितकं नाही. त्याच १५७ सोबत ३ किंवा ४ आला तर भानगड प्रेशरची नाही, सेन्सरच्या व्होल्टेजची आहे, म्हणजे आधी वायर आणि कपलर बघायचा. ६५१ ते ६५६ हे अनुक्रमे एक ते सहा नंबरचे इंजेक्टर, आणि त्यासोबत ५ असेल तर सर्किट कुठेतरी तुटलंय. तुमच्या एस्टिमेटवर किंवा जॉब कार्डवर हे आकडे लिहिले आहेत का ते पाहा. नसतील तर फोन करून मागा, ते तुमच्याच गाडीचे आहेत.

तुमच्या लक्षणांवरून मला वाटतं १५७ आणि १८ असावा. आता हा कोड प्रेशर कमी आहे एवढंच म्हणतो, कुठे गळालं ते म्हणत नाही. टाकीपासून इंजेक्टरपर्यंत मध्ये जाळी, सक्शन पाइप, वॉटर सेपरेटर, लिफ्ट पंप, फिल्टर, हायप्रेशर पंप, रेल, रेलचा रिलीफ व्हॉल्व्ह एवढं सगळं आहे. यातलं काहीही बिघडलं तरी कोड तोच येतो. ही सगळी लाइन सोडून थेट शेवटच्या आणि सगळ्यात महागड्या टोकाला हात घालायचा, हे मला कधी कळलं नाही. खरं तर कळतं, पण ते नंतर.

मागच्या एका पावसाळ्यात आमच्याकडे दहाचाकी टिपर आला होता, तुमच्यासारखाच कोळशाचा. काट्यावरून निघाला की दोन-तीन किलोमीटर बरा चालायचा, मग चढाला मरायचा. पाच मिनिटं बंद करून ठेवला की पुन्हा शहाण्यासारखा. दुसऱ्या एका ठिकाणी त्याचे फिल्टर दोनदा बदलून झाले होते, पंपही खोलून झाला होता. मालक रडकुंडीला आलेला. मी लॅपटॉप लावून ड्रायव्हरशेजारी बसलो आणि भरल्या गाडीवर लाइव्ह डेटा पाहत गेलो. इंजिन १४०० बार (प्रेशर मोजायचं माप) मागत होतं, रेलमध्ये आधी १४०० मिळत होते, मग १२००, मग ९०० वर येऊन बसले. आयडलला मात्र मागणी आणि मिळकत अगदी सारखी.

इथे विचार करायचा तो असा. इंजेक्टर आतून गळत असते तर थांबल्यावर पाच मिनिटांत बरे कसे झाले असते? थांबल्यावर सुधारतं ते ओढण्याकडचं दुखणं. म्हणून टाकीची लाइन सोडवली आणि वीस लिटरचा स्वच्छ डिझेलचा डबा केबिनमागे बांधला. सक्शन डब्यात, रिटर्नही डब्यात. पारदर्शक नळी लावली, म्हणजे हवा येत असेल तर बुडबुडे दिसावेत. त्याच चढावर पुन्हा नेला. १४०० मागितले, १४०० मिळाले, वरपर्यंत. पंप पास, इंजेक्टर पास. सगळ्या परीक्षेला खर्च एक डबा आणि चार हात नळी.

मग टाकी रिकामी केली. सक्शन पाइपच्या तोंडाशी लाल कापडाचा बोळा गुंडाळलेला निघाला. ड्रायव्हर बाजूलाच उभा होता. बघून म्हणाला, “हा तं माहा दुपट्टा होय साहेब.” झालं असं होतं की रात्री लाइनीत गाडी उभी असताना कोणीतरी डिझेल काढलं, टाकीच्या तोंडावरची जाळी फोडली आणि झाकणही नेलं. याने दुपट्ट्याचा तुकडा फाडून तोंडात कोंबला. एक दिवस तो आत पडला, याने दुसरा कोंबला आणि पहिल्याचा विसर पडला. गाडी भरून जोर लावला की कापड पाइपला चिकटायचं, बंद केली की सुटून खाली बसायचं. मालकाने ड्रायव्हरकडे असं पाहिलं की मी चहा प्यायला निघून गेलो.

प्रत्येक वेळी दुपट्टाच निघेल असं नाही. डब्यावरही प्रेशर पडलंच तर मग पुढचं बघायचं, आणि तिथे बॅक-लीक टेस्ट करतात. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला नळी लावून सारख्या बाटल्यांत ठराविक वेळ डिझेल जमा करायचं. पाच बाटल्यांत बोटभर आणि एकीत अर्धी बाटली, तर तो एक इंजेक्टर आतून गळतोय. काही इंजिनांत रिटर्नचा रस्ता हेडच्या आतून असतो, तिथे इंजिन बंद करून एकेका इंजेक्टरची लाइन टोपीने बंद करायची, मग सुरू करून कोणता बंद केल्यावर प्रेशर सुधारतं ते पाहायचं. वेळ खाणारं काम आहे, पण हेच काम. तुमच्या अॅडव्हायझरला एवढंच विचारा, “बॅक-लीक घेतला का, आणि किती आला?” घेतला असेल तर आकडे सांगेल. घेतला नसेल तर विषय बदलेल.

एक धोक्याची गोष्ट. गावातल्या जुन्या मिस्त्रींना सवय असते, चालू इंजिनावर एकेक पाइपचा नट ढिला करून मिसिंग, म्हणजे कुठला सिलिंडर नीट पेटत नाही, ते ओळखायची. जुन्या पंपावर मीही तेच शिकलो. कॉमन रेलवर हे करू देऊ नका. ट्रकच्या टायरात साधारण ८ बार हवा असते, इथे १६०० च्या घरात डिझेल असतं. ती धार कातडी फोडून आत जाते, वरून नुसता टाचणीएवढा ठिपका दिसतो आणि माणूस हात गमावतो. मिसिंग शोधायचं तर लॅपटॉपवरूनच एकेक सिलिंडर बंद करून पाहता येतं.

वायरिंगचं दोन ओळीत. शेताच्या कडेला महिनाभर उभी राहिलेली गाडी आली की मी आधी उंदीर शोधतो. नवीन असताना ६५३ आणि ५ असा कोड पाहून मी तीन नंबरचा इंजेक्टर बदलायला लावला होता. बदलला, कोड तसाच. वायर हेडच्या मागे कुरतडलेली होती. तेव्हा फोरमनने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि एकदम दहा-बारा वेगवेगळे कोड आले असतील तर एवढ्या वस्तू एका वेळी खराब होत नसतात. बॅटरी डिस्कनेक्ट करून कॅनच्या (गाडीतले कॉम्प्युटर ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या लाइनीच्या) दोन वायरींमध्ये मीटर लावा, साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर लाइनीत नाही.

आता इंजेक्टर खरंच कधी जातात? पाण्याने. पावसाळ्यात डब्यातून डिझेल भरणं, झाकणाऐवजी फडकं, वॉटर सेपरेटरची लाइट लागली तरी खालचा नॉब न उघडणं. आत गंज धरतो आणि सगळा सेट खलास होतो. हे झालं असेल तर फिल्टर कापून पाहिला की तपकिरी पाणी किंवा गंजाची भुकटी दिसते. पंपाने लोखंड सोडलं असेल तर फिल्टरच्या पुढे, पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये आणि रेलमध्ये चमकी सापडते. तसं असेल तर वर्कशॉपचं एस्टिमेट खरं आहे आणि तुम्हाला ते करावंच लागेल. पण मग टाकी धुणं आणि लाइनी साफ करणं त्या एस्टिमेटमध्ये आहे का ते पाहा. नसेल तर सहा महिन्यांनी पुन्हा भेटाल. नव्या इंजेक्टरवर कोड कोरलेला असतो, तो प्रत्येक सिलिंडरला ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, टाकावा लागतो, आणि तांब्याचा वॉशर दरवेळी नवा. जुने पार्ट गोणीत भरून मागा. पैसे तुमचे असतील तर भंगारही तुमचंच.

पिकअप जायला इंजेक्टरशिवायही कारणं पुष्कळ आहेत. इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) रबरी होज क्लॅम्पजवळ फाटला की हवा बाहेर जाते. भरल्या गाडीला काळा धूर, नाहीतर बीएस-६ मध्ये धूर न दिसता डीपीएफच, म्हणजे सायलेन्सरमधला काजळी अडवणारा फिल्टरच, चोक. दिवाळीनंतर कापूस वाहणाऱ्या गाड्यांचं वेगळंच. इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत रुईची गादी तयार होते, समोरून काहीच दिसत नाही, इंजिन तापतं आणि ईसीएम स्वतःच ताकद कमी करतो. एकदा आम्ही इतकी रुई काढली की पोट्टे म्हणाले, जिनिंगला नेऊन काट्यावर टाकू.

कोळशाच्या गाड्यांचा खरा शत्रू मात्र गाड्यांची लाइन आहे. खाणीवर तासन्‌तास इंजिन चालू ठेवून गाडी उभी. डीपीएफमधली काजळी जाळायला एक्झॉस्ट तापावा लागतो, आयडलवर तो तापत नाही. लाइट लागते, ड्रायव्हर तिच्यावर देवाचा फोटो चिकटवतो. मग पार्किंग रिजनरेशन, म्हणजे गाडी उभी करून काजळी जाळणं, करावं लागतं, अर्धा-पाऊण तास. त्या वेळी फिल्टर ६०० डिग्रीच्या आसपास जातो. तेव्हा गाडी पऱ्हाटीच्या ढिगाजवळ, वाळल्या गवतावर उभी करू नका. मोकळं मैदान बघा. लाइनीत थांबायचं असेल तर इंजिन बंद करा, फक्त ओझं ओढून आल्या-आल्या दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवून मग, टर्बोला थंड व्हायला वेळ मिळतो.

आणि तुमच्या घरी शेती असेलच, म्हणून सांगतो. डीईएफमध्ये (बीएस-६ च्या वेगळ्या टाकीत भरायचं, एक्झॉस्ट साफ करणारं पाणी) ३२.५ टक्के यूरिया असतो हे ऐकून काही जण ४५ किलोच्या गोणीतला यूरिया पाण्यात घोळून टाकतात. शेतीच्या यूरियाला २०१५ पासून सक्तीने निमतेल लावलेलं असतं, शिवाय त्यात इतर क्षार. डीईएफ फवारणाऱ्या डोसरच्या तोंडावर पांढरे खडे जमतात, कॅटॅलिस्ट मरतो, ईसीएम ताकद तोडतो, आणि तो खर्च इंजेक्टरपेक्षा कमी नाही.

आता मघाशी जे नंतर म्हणालो ते. वर्कशॉपात लुबाडायला बसलेली माणसं असतात असं नाही. गाडी उभी करून काम करायच्या जागा तीन, बाहेर गाड्या अकरा, प्रत्येक मालक डोक्यावर उभा. डबा बांधून चढावर जायला कोणाला वेळ नाही, आणि शोधण्याच्या मजुरीचे पैसे द्यायला मालक तयार नसतो. “काहीच बदललं नाही, मग पैसे कशाचे?” हे मी शंभरदा ऐकलंय. दुपट्टावाल्या मालकानेसुद्धा हेच म्हटलं होतं, पंपाला किती गेले होते ते विसरून. पार्ट बदलला की बिल फाडायला सोपं. म्हणून तुम्ही आपणहून सांगा की निदानाची मजुरी वेगळी देतो, पण डबा लावून रेलचं प्रेशर भरल्या गाडीवर बघा, बॅक-लीक घ्या आणि आकडे जॉब कार्डवर लिहा. रिकामी गाडी नेऊ नका, रिकाम्यावर तुमचा बिघाड दिसणारच नाही. गाडी रोज चालवणारा ड्रायव्हरच सोबत न्या, मालकाला अर्धं माहीत नसतं. वॉरंटीत असेल तर हे आकडे असेही लागतात, त्याशिवाय क्लेम पास होत नाही.

कोडचे दोन्ही आकडे मिळाले की इथे लिहा, पुढचं बघू. तोवर टाकीला झाकण आहे की फडकं ते बघून घ्या.