जोडीचा भाव

रत्नागिरी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

गोल्फच्या जोड्यांवर पैज लावण्याचा तुझा तक्ता पोचला. आखणी उत्तम, बेरजा दोन ठिकाणी चुकल्यात, पण ते जाऊ दे. तुझं म्हणणं असं, की दीडशे गोल्फपटूंमधून विजेता हेरणं कठीण, पण दोघांना समोरासमोर ठेवून ‘यांच्यात पुढे कोण’ हे सांगणं त्या मानाने सोपं. सोपं दिसतं खरं. म्हणून आधी हिशेब बघू, पैशाचं नंतर बोलू.

जोडीचे नियम तुला माहीत आहेत, तरी एक बारकावा तुझ्या तक्त्यात नाही. स्पर्धा गुरुवार ते रविवार, चार फेऱ्या, 72 होल. शुक्रवारी कट लागतो. पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेत साधारणपणे पहिले 65 आणि त्यांच्या बरोबरीचे पुढे जातात, मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत पहिले 50, बाकीचे गळतात. जोडीतला एक कटला गळला की दुसरा जिंकला, मग तो रविवारी कितीही वाईट खेळो. दोघेही गळले तर सहसा पहिल्या दोन फेऱ्यांचे, म्हणजे 36 होलचे फटके बघतात, कमी फटके त्याचा विजय. म्हणजे शुक्रवार निसटता पार करणारा आणि शुक्रवारी हमखास गडबडणारा, यांच्यातला फरक तुझ्या सरासरीत दिसणार नाही. तो वेगळा मांड. कुणी मध्येच माघार घेतली तर काय, हे मात्र प्रत्येक बुकीचं वेगळं असतं.

आता भाव. तू सगळीकडे ‘चांगला खेळाडू कोण’ हेच शोधलं आहेस. आपल्याकडे मोहोर बघून बाग खंडाने घेतात, तेव्हा कलमं चांगली आहेत एवढ्यावर कुणी पैसे मोजतो का? मागितलेल्या रकमेला ती बाग परवडते का, हे बघतो. इथेही तेच. दोन्ही बाजूंना 1.91 भाव असेल तर शंभर लावून जिंकल्यावर 191 हातात येतात. शंभरात 52.4 वेळा बरोबर आलास तर मुद्दल सुटतं, त्याखाली तोटा. भाव 1.83 झाला की हाच आकडा 54.6 होतो. जोड्या बुकी लावतो, तू नाही. ज्याचं नाव लोकांच्या तोंडी आहे त्याचा भाव तो आधीच उतरवून ठेवतो, म्हणजे तो जिंकला तरी हातात कमी येतं.

आणि गोल्फमध्ये नशिबाचा वाटा किती, याचा अंदाज तुला नाही असं तक्ता सांगतो. व्यावसायिक खेळाडूच्या एका फेरीच्या फटक्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून सहसा किती इकडेतिकडे होतं ते, पावणेतीन-तीनच्या आसपास असतं. समज, अ हा ब पेक्षा दर फेरीला अर्धा फटका सरस आहे. या पातळीवर ही मोठी तफावत झाली. तरी बरोबरी सोडली तर एका फेरीत अ पुढे राहण्याची शक्यता जेमतेम 55 टक्के, चारही फेऱ्या धरल्या तर 60 च्या जवळपास. कागदावर पडताळून बघ, तुला येतं. म्हणून एका फेरीच्या जोड्यांचा तुझा अर्धा तक्ता मला पटत नाही. तिथे कौशल्याला बोलायला वेळच मिळत नाही.

2022 ची प्लेयर्स चॅम्पियनशिप आठव. पाऊस-वाऱ्याने स्पर्धा सोमवारपर्यंत लांबली. आपल्या पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी तेव्हा जागतिक क्रमवारीत पहिल्या तीनशेतही नव्हता, आणि कॅमेरन स्मिथच्या एकच फटका मागे राहून दुसरा आला. त्या आठवड्यात स्मिथ सोडून कुणालाही त्याच्या जोडीला दिलं असतं, तरी लाहिरी हरला नसता. मला आनंद झाला होता, पण माझ्या कुठल्याही हिशेबात ते बसत नव्हतं.

आता पटिंगबद्दल, म्हणजे होलभोवतीच्या कापलेल्या गवतावरून (ग्रीनवरून) चेंडू होलमध्ये ढकलण्याबद्दल. कोलंबिया विद्यापीठातल्या मार्क ब्रॉडी यांनी प्रत्येक फटक्याची किंमत सरासरीशी तोलायची पद्धत रुजवली. पीजीए टूरने ती 2011 मध्ये आधी पटिंगसाठी घेतली. तिचा सगळ्यात उपयोगी धडा असा, की पटिंग आठवड्यागणिक खूप हलतं आणि ग्रीनकडे मारलेले लांबचे फटके त्या मानाने टिकाऊ असतात. गेल्या आठवड्यात ज्याचे पट धडाधड पडले त्याला तू वर चढवलं आहेस. सगळेच चढवतात, म्हणून त्याचा भाव पडतो. तो रकाना खोड.

वाऱ्याचं तू छान पकडलंस. पहिल्या दोन दिवसांत निम्मे खेळाडू गुरुवारी सकाळी आणि शुक्रवारी दुपारी खेळतात, निम्मे उलट. जोडीतले दोघे वेगवेगळ्या गटात असले तर त्यांचं हवामानही वेगळं. फक्त किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाची एक सवय सोड. आपल्याकडे सकाळी मतलई आणि दुपारी खारं वारं, घड्याळ लावावं असं. ब्रिटिश ओपनच्या मैदानांवर अटलांटिककडून येणाऱ्या हवामानावर बरंच अवलंबून असतं, कधी सकाळचाच गट झोडपला जातो. त्या दोन दिवसांचा अंदाज तासांप्रमाणे वाच, ‘दुपार म्हणजे वारा’ असं धरू नकोस.

तू शंभरात 55 बरोबर आणलेस म्हणून हुरळला आहेस. नाणं उडवणाऱ्यालाही शंभरात पाच इकडेतिकडे सहज होतात. खरोखर 55 टक्क्यांचा माणूस 52.4 च्या वर आहे हे बऱ्यापैकी खात्रीने म्हणायला सुमारे दीड हजार जोड्या लागतात. आठवड्याला चार धरल्यास सात वर्षं.

आता पैसे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्यात सगळे बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे टेलिग्रामवरून तुझ्या पैजा घेऊ पाहणाऱ्या त्या माणसाने सांगितलं ते खरं आहे. त्याने हे सांगितलं नाही, की करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करारच निरर्थक. तू जिंकलास आणि त्याने फोन बंद केला, तर कुठल्या कोर्टात जाणार? आणि ज्या खात्यात तो पैसे मागवतो ते कुणाचं आहे, विचारलंस कधी? आंब्याचे पैसे अजून यायचे आहेत, वडिलांच्या खात्यातून एक रुपया काढायचा नाही. ही विनंती नाही.

अभ्यास मात्र सोडू नकोस, तो मला आवडला. वही कर. बुधवारी रात्री प्रत्येक जोडीपुढे त्या वेळचा भाव आणि तुझी टक्केवारी लिही, आणि खेळ सुरू होताना तोच भाव किती झाला ते लिही. तू 1.91 ला निवडलेला शेवटी 1.80 ला आला असं वारंवार घडलं, तर बाजार उशिरा तुझ्याच मतावर येतो, म्हणजे तुझ्या डोक्यात काहीतरी आहे, आणि हे कळायला सात वर्षं लागत नाहीत. निकालाचा रकाना सगळ्यात शेवटी ठेव. अमेरिकेतली शेवटची फेरी आपल्याकडे सोमवारी पहाटे संपते, त्यासाठी जागू नकोस, सकाळी फवारणी असते.

दिवाळीला आलास की वही घेऊन ये. बेरजा तपासूनच आण.

तुझा,
सर