काउंट 14,000, तरी बाबांची जखम का चिघळते?

तुमच्या बाबांना मधुमेह, पायाच्या जखमेत पू, आणि रिपोर्टात पांढऱ्या पेशी 14,000. इतक्या आहेत तर लढत का नाहीत, असं तुम्ही विचारलंय. मी परळच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. पण हा प्रश्न आमच्या काउंटरवर नेहमी येतो.

आमचं मशीन पेशी मोजतं, त्यांचं काम मोजत नाही. हजेरीपटावर सगळे हजर, पण काम कोण करतंय ते पटावरून कळतं का? नेहमीची संख्या 4,000 ते 11,000. 14,000 म्हणजे अस्थिमज्जेने जादा कुमक धाडली, एवढंच.

पांढऱ्या पेशींपैकी बॅक्टेरियावर आधी धावतात त्या न्यूट्रोफिल पेशी. साखर सतत चढलेली असली की त्या जखमेपर्यंत धड पोचत नाहीत, जंतू नीट गिळत नाहीत आणि गिळलेला मारताना कमी पडतात. हे शेवटचं जरा समजून घ्या. जंतू गिळल्यावर पेशी ऑक्सिजनपासून विष तयार करते, त्याला एनएडीपीएच नावाचा रेणू लागतो. साखर जास्त असली की पेशीतलं दुसरं एक एन्झाइम तिचं सॉर्बिटॉल करायला घेतं, आणि त्यालाही हाच एनएडीपीएच हवा. चाळीतल्या एका टाकीवर दोन नळ. ऐन वेळी धार बारीक. जुने डॉक्टर काळपुळी, म्हणजे अनेक तोंडांचं मोठं गळू, दिसली की आधी लघवीतली साखर बघायचे, ते उगाच नाही.

त्यात जंतुसंसर्गाच्या ताणाने साखर आणखी चढते. म्हणून डॉक्टर अशा वेळी इन्सुलिन सुरू करतात. ते आता जन्मभर, असं धरून बसू नका. न्यूट्रोफिल फार जगत नाहीत, मज्जा रोज नवे बनवते. साखर उतरली की त्यांचं काम बरंच सुधारतं. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाच्या नसांचं मात्र तसं नाही, टोचलेलं कळतच नाही. बाबा मंगळवारी सिद्धिविनायकाला अनवाणी जात असतील तर ते बंद करा, आणि पावसात हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यातून तर मुळीच नको.

हळद, शेक वगैरे न करता आजच सर्जनला दाखवा. आणि अँटिबायोटिक सुरू होण्याआधी पुवाचं कल्चर (कोणता जंतू आहे ते तो वाढवून बघायची तपासणी) घेणार का, तेवढं त्यांना विचारा. चार डोस पोटात गेल्यावर नमुना आला की बऱ्याचदा प्लेटवर काहीच उगवत नाही, आणि मग लोक आमच्याशी भांडतात.