रविवारचं पनीर आणि मंगळवारची खिचडी

प्रश्न : काकू, नमस्कार. मी मूळचा कराडचा, वय 25, नोकरी हिंजवडीत. फ्लॅटवर आम्ही तिघं. ‘स्वतः रांधायला शिक, खाणं आपोआप सुधारेल’ असं सगळे म्हणत होते, म्हणून शिकलो. दर रविवारी पनीर बटर मसाला, बिर्याणी, पास्ता, सगळं झकास जमतं. एरवी बाहेरूनच मागवतो. वजन वाढतंच आहे, पित्तही तसंच. मग शिकून उपयोग काय झाला?
– एक वाचक, हिंजवडी

उत्तर : अरे, तू रविवारचा स्वयंपाक शिकलास. मंगळवारी रात्री साडेनऊला दमून आल्यावर करायचा स्वयंपाक तुला कुणी शिकवलेलाच नाही. त्याचे व्हिडिओही कुणी फारसे बघत नाही, कारण खिचडीत बघण्यासारखं काय असतं?

पण एक सांग. घरच्या पनीरला हॉटेलची चव येत नाही, असं वाटतं ना? तेवढं लोणी आणि साय ओतायला आपला हात धजावत नाही, म्हणून. हे तुला आता कळतंय, हाच शिकण्याचा पहिला फायदा. मागवलेल्या डब्यात तेल किती, मीठ किती, हे दिसत नाही. स्वतःच्या कढईत दिसतं.

आता तेलाचं बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात तेल-तूप धरलंय 27 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम आणि भाज्या तब्बल 400 ग्रॅम. एक लिटर तेल भरतं साधारण 910 ग्रॅम. म्हणजे दोन्ही वेळचं घरी करणाऱ्या तिघांना एक पिशवी अकरा दिवस पुरायला हवी. पिशवी फोडलीत की तिच्यावर तारीख लिहा. तुम्ही रात्रीचंच घरी करणार, तेव्हा ती त्याहून बरीच जास्त टिकली पाहिजे. आठवड्यात संपली, तर काय चाललंय ते समजून जा.

मंगळवारसाठी खिचडी. तिघांना दीड वाटी तांदूळ आणि दीड वाटी मुगाची डाळ. हो, बरोबरीनं, आपल्याकडे डाळ चिमूटभर घालायची खोड आहे, ती सोड. फोडणीला दोन चमचे तेल, जिरं, हिंग, हळद. त्यावर गाजर, फरसबी, मटार, दुधी, फ्रीजमध्ये असेल ते भरपूर. सगळं परतून नऊ-दहा वाट्या पाणी, मीठ आणि तीन-चार शिट्या. अर्ध्या-पाऊण तासात ताटात. वाफ जिरेपर्यंत ताक घुसळून घे. अॅपवरचा डबाही याहून फार लवकर येत नाही.

रविवारी पनीर खुशाल कर, मी अडवत नाही. फक्त त्या सकाळी दीड-दोन वाट्या मटकी भिजत टाक. संध्याकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधून ठेव, सोमवारी रात्रीपर्यंत मोड येतात. त्यातली निम्मी उसळीला, निम्मी डब्यात घालून फ्रीजमध्ये. दोन दिवस छान राहते. उसळीवर लिंबू पिळायला विसरू नकोस. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे मटकीतलं लोह अंगी लागतं. तिसरं पिठलं. बेसन संपत आलं की डबा भरून ठेवायचा, एवढीच अट.

एवढे तीन पदार्थ हातात बसेपर्यंत नवं काही शिकू नकोस. पित्त मात्र महिनोन्‌महिने छळत असेल, तर डॉक्टरांना दाखव. ते खिचडीच्या भरवशावर सोडायचं नाही.

आणि खरं सांगू? पोरं रात्री रांधत नाहीत ती कंटाळ्यानं कमी आणि सिंकमधल्या भांड्यांच्या ढिगानं जास्त. तेव्हा आजच ठरवून टाका : जो रांधेल, तो भांडी घासणार नाही.